मोटर समजून घेताना: इनॅमल अर्धेच का खरवडायचे?

विद्युतचुंबकत्व शिकायला बसलेला बहुतेक प्रत्येक विद्यार्थी सर्वांत आधी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम (चुंबकीय क्षेत्रातल्या तारेत प्रवाह असताना तिच्यावर बल कोणत्या दिशेला लागते, ते तीन बोटांनी सांगणारा) पाठ करतो आणि परीक्षेत बोटे वाकडीतिकडी करून उत्तरही काढतो. मीही तेच केले होते. पुढे सेल, तारेचे वेटोळे आणि चुंबक घेऊन साधी मोटर करायला बसलो आणि ती काही केल्या फिरेना, तेव्हा त्या नियमातले आपल्याला किती कमी कळले आहे, हे ध्यानात आले. म्हणून नवख्यांना माझे सांगणे असे की, बोटांचा नियम थोडा मागे ठेवावा आणि सुरुवात होकायंत्रापासून करावी.

डॅनिश शास्त्रज्ञ ओरस्टेडने 1820 मध्ये पाहिलेली गोष्ट आजही एक सेल आणि हातभर तार घेऊन पाहता येते. तार होकायंत्राच्या सूचीच्या वर, उत्तर-दक्षिण धरून प्रवाह सोडला की सूची बाजूला वळते आणि तीच तार सूचीखाली नेली की उलट दिशेला वळते. तारेभोवतीचे क्षेत्र वर्तुळाकार असते, हे यातून आपोआप उलगडते. येथे एक फसवी जागा आहे. तार पूर्व-पश्चिम धरली, तर तिचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्याच रेषेत येते, सूची एक तर ढिम्म राहते किंवा एकदम उलटी फिरते, आणि शिकणारा बिचारा जोडणी सैल असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. एक अँपिअर धारा (म्हणजे प्रवाह) वाहणाऱ्या लांब सरळ तारेपासून एक सेंटिमीटरवर सुमारे 20 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र मिळते, तर पृथ्वीचे क्षेत्र ठिकाणानुसार साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्ला असते. तार सूचीच्या शक्य तितक्या जवळ का धरायची, ते या आकड्यांवरून कळावे.

विद्युतचुंबकाच्या बाबतीत माझी समजूत अशी होती की वेढे दुप्पट केले की चुंबक दुप्पट बलवान होणार. खिळ्यावर पन्नासाचे शंभर वेढे केले, तरी उचललेल्या टाचण्यांत म्हणावा तसा फरक पडला नाही. चुंबकाचा जोर वेढे आणि धारा यांच्या गुणाकारावर ठरतो, आणि तीच तार दुप्पट लांब झाली की तिचा रोधही दुप्पट होतो. सेलचे विभवांतर तेवढेच राहिले आणि तारेचाच रोध मुख्य असला, तर धारा निम्मी होऊन गुणाकार होता तिथेच राहतो. फायदा एवढाच की सेल कमी उतरतो आणि तार कमी तापते. प्रवाह बंद केल्यावरही दोन-चार टाचण्या खिळ्याला चिकटून राहिल्या, तर खिळ्यात थोडे चुंबकत्व मागे उरले आहे असे समजावे. मृदू लोखंडात ते फारसे उरत नाही, पोलादात बरेच उरते.

आता मोटरीकडे. वेटोळे आपल्या दोन टोकांवर फिरते आणि त्याच टोकांतून त्याला सेलचा प्रवाह मिळतो. मी त्या दोन्ही टोकांवरचे इनॅमल, म्हणजे तारेवरचा विद्युतरोधक लेप, काचपेपरने चहूबाजूंनी अगदी चकचकीत होईपर्यंत खरवडले होते, कारण संपर्क जितका चांगला तितके बरे, असा माझा हिशेब होता. वेटोळे एक हिसका देई, जरा इकडे-तिकडे डोले आणि थांबे. कारण सरळ आहे: वेटोळे अर्धा फेरा फिरले की त्याच्या दोन बाजूंची अदलाबदल होते, धारेची दिशा मात्र वेटोळ्यापुरती तीच राहते, आणि आतापर्यंत पुढे ढकलणारे बल त्याला मागे ओढू लागते. एका टोकाचे इनॅमल फक्त अर्ध्या परिघावर खरवडले, तर नेमक्या त्या उलट्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो आणि वेटोळे आपल्या जडत्वावर तो टप्पा ओलांडते. बाजारातल्या ब्रशच्या मोटरीत (म्हणजे जिच्या वेटोळ्याला घासत्या संपर्कांतून प्रवाह मिळतो) कम्युटेटर, म्हणजे दांड्यावरचे तुकड्यांचे धातूचे कडे, याहून शहाणपणाने वागतो. तो धारा तोडून थांबत नाही, तर दर अर्ध्या फेऱ्याला तिची दिशा उलटवतो, म्हणून संपूर्ण फेरा कामी येतो.

शेवटचा धडा मल्टिमीटरने दिला. एका छोट्या मोटरीचा रोध 2 ओहम भरला. 6 व्होल्टवर 3 अँपिअर धारा अपेक्षित होती, पण मोकळ्या फिरणाऱ्या मोटरीने जेमतेम 0.3 अँपिअर घेतली. फिरणारे वेटोळे चुंबकीय क्षेत्र छेदताना स्वतःच जनित्रासारखे वागते आणि पुरवठ्याला विरोध करणारे विभवांतर, म्हणजे बॅक ईएमएफ, तयार करते. येथे ते 5.4 व्होल्ट होते आणि तारेच्या वाट्याला 0.6 व्होल्टच उरले होते. दांडा चिमटीत धरून मोटर थांबवली की हा विरोध नाहीसा होतो आणि धारा 3 अँपिअरकडे झेपावते. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने दहापट धारेत ती शंभरपट, म्हणजे 0.18 वॅटवरून 18 वॅटवर जाते. म्हणून हा प्रयोग दोन-तीन सेकंदांहून जास्त लांबवू नये, नाहीतर जळक्या इनॅमलचा वास पहिल्यांदा येतो आणि मोटर कायमची गप्प होते.