बोक्याला इन्सुलिन द्यायचंय? सुईचं टेन्शन कमी घ्या, घड्याळाचं जास्त

आमच्या बोक्याला डायबेटिस निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले दिवसातून दोनदा इन्सुलिन, बारा तासांच्या अंतराने, आणि मला त्यातलं फक्त "टोचायचं" एवढंच ऐकू आलं. पहिला आठवडा मी सुईला घाबरण्यात घालवला. नंतर कळलं की सुई हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, बोक्याला तर बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. घोळ होतात ते दुसरीकडेच, सिरिंज चुकीची येते, घरात दोघंजण एकच डोस दोनदा देतात, मांजर जेवलेलं नसतं तरी सवयीने टोचलं जातं. त्यामुळे हे लिहितेय ते डॉक्टरांनी सांगितलेलं घरी नीट कसं पार पाडायचं यावर. डोस किती, कुठलं इन्सुलिन, हे त्यांनीच ठरवायचं, त्यात आपण डोकं चालवायचं नाही.

लक्षणं बहुतेकांना आता माहीत असतात, पाण्याची बशी सारखी रिकामी, लिटर बॉक्समध्ये शूचे मोठे मोठे गोळे, खातंय भरपूर आणि तरी वाळत चाललंय. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात, ते नसांवर परिणाम झाल्यामुळे, आणि शुगर ताब्यात आली की हळूहळू, कधी कधी काही महिन्यांनी, सुधारतं. वयस्कर, जाड, नसबंदी झालेले बोके यात जास्त सापडतात. एक गोष्ट मात्र विचारून घ्या, निदान एकाच रीडिंगवर झालंय का. मांजर दवाखान्यात नुसतं घाबरलं तरी शुगर ३०० च्या वर जाऊ शकते, म्हणून चांगले डॉक्टर लघवी तपासतात आणि फ्रुक्टोसामीन नावाची टेस्ट करतात, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. आणि मांजराला स्टिरॉइड चालू असेल तर ते आठवणीने सांगा, त्याने शुगर वाढते.

आता सिरिंज. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती करताना आपल्याला वाटत असतं की सगळं बरोबर चाललंय. इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं. प्राण्यांसाठीची कॅनिन्सुलिन, प्रोझिंक ही यू-४०, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. माणसांचं ग्लार्जिन, जे मांजरांनाही खूप वापरतात, ते नेहमीच्या प्रकारात यू-१००, एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन प्रकारच्या येतात आणि सिरिंजवरच्या खुणा त्या त्या ताकदीसाठीच छापलेल्या असतात. आता समजा तुम्ही यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या खुणेपर्यंत भरलंत, तर आत गेलं किती? अडीच युनिट. ज्या मांजराला १ युनिट सांगितलंय त्याला अडीचपट डोस, आणि उलटं केलंत तर जेमतेम ०.४ युनिट. त्यामुळे बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का हे प्रत्येक नवीन पाकीट आणल्यावर बघायचं. बऱ्याच ठिकाणी यू-४० चं टोपण लाल आणि यू-१०० चं केशरी असतं पण रंगावर विसंबू नका, छापलेलं वाचा. दुकानदार म्हणाला "सेमच आहे हो" तरी परत करा.

मांजरांचे डोस फार छोटे असतात, सुरुवात बहुतेक वेळा १ युनिटच्या आसपास होते, त्यामुळे यू-१०० वापरत असाल तर ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागा. मोठ्या सिरिंजमध्ये एक युनिट म्हणजे नुसती एक रेघ, चष्मा लावूनही अंदाजच.

इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीला, पण मागच्या भिंतीला चिकटवून नाही, तिथे ते गोठतं आणि एकदा गोठलं की फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटवा. हलवायचं की नाही हे प्रत्येकाचं वेगळं आहे, ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते हलवायची गरजच नाही, त्यात गढूळपणा दिसला तर वापरू नका. प्रोझिंक दोन तळव्यांमध्ये हळू फिरवायचं, आणि दुधाळ कॅनिन्सुलिन कसं मिसळायचं ते त्याच्या पत्रकात दिलेलं असतं तसंच करायचं. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

टोचायची पद्धत. मांजराला जेवायला द्या आणि ते खात असताना टोचा, हे माझ्या मते सगळ्यात सोपं, कारण ते खातंय हे पण दिसतं आणि त्याचं लक्ष पण बशीत असतं. मानगुटीवर टोचायचा मोह होतो कारण तिथे कातडी सैल असते, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, त्यापेक्षा बरगड्यांची बाजू, कूस किंवा पोटाच्या कडेला टोचा आणि जागा रोज बदलत रहा, आम्ही सकाळी डावी, संध्याकाळी उजवी असं ठेवलंय. सिरिंज भरताना बुडबुडा आला तर टिचकी मारून वर आणा आणि बाहेर काढा. कातडीखाली गेलेला बुडबुडा मांजराला काही करत नाही पण तेवढं इन्सुलिन कमी जातं. मग डाव्या हाताने कातडी चिमटीत उचला, तंबूसारखा एक त्रिकोण होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई शरीराला जवळपास समांतर आत सरकवा, सुईच्या टोकाची तिरकी बाजू वर. दट्ट्या पूर्ण दाबा, दोन सेकंद थांबा, काढा. झालं. स्पिरिट लावायची गरज नाही, त्याच्या वासानेच मांजर पळतं.

सुरुवातीला माझ्याकडून काय व्हायचं, तर सुई तंबूच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि सगळं इन्सुलिन केसांवर. ओळखायचं कसं, बोटांनी केस चाचपा, ओले लागतात, आणि हात हुंगा, इन्सुलिनला एक उग्र औषधी वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. आता खरा नियम, किती आत गेलं कळलं नाही तर परत टोचायचं नाही. अर्धं गेलं असेल, पूर्ण गेलं असेल, काहीच गेलं नसेल, काहीही असो, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एखादा डोस चुकला म्हणून पुढचा डबल करायचा नाही. एखाद दिवस शुगर वाढलेली राहिली तर मांजर जास्त पाणी पिईल, जास्त शू करेल, पण शुगर खूप खाली गेली तर काही तासांत जीव जाऊ शकतो, म्हणून शंका आली की न दिलेलं बरं.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाहीये. एका सकाळी मी सातला टोचलं आणि अंघोळीला गेले, नवऱ्याला वाटलं आज राहिलंय, त्याने प्रेमाने परत टोचलं. बाहेर आल्यावर ओट्यावर दोन वापरलेल्या सिरिंज दिसल्या तेव्हा पोटात गोळाच आला. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच खायला घालायला सांगितलं आणि तासातासाला शुगर बघायला, अकराच्या सुमाराला ७१ आली, आणखी खायला घातलं, दिवसभर आम्ही दोघं त्याच्याभोवती बसून होतो आणि हा मजेत, इतकं जेवण एका दिवसात त्याला कधी मिळालंच नव्हतं. संध्याकाळचा डोस डॉक्टरांनी रद्द केला. त्या दिवसापासून फ्रिजच्या दारावर कागद आहे, तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि टोचल्या टोचल्या हात धुवायच्या आधी टिक. घरात दोन माणसं असतील तर हा कागद पहिल्याच दिवशी लावा.

वेळ अर्धा-एक तास इकडेतिकडे झाली तर चालतं, पण तुम्हाला रोज जमेल अशीच वेळ धरा, सुट्टीच्या दिवशी पण. आणि मांजर जेवलंच नाही तर? हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा, अर्धं खाल्लं तर किती, काहीच नाही खाल्लं तर काय, ओकलं तर काय, कारण हा प्रसंग नेमका दवाखाना बंद असतानाच येतो. खात नाही, ओकतंय आणि मलूल पडलंय असं तिन्ही एकत्र दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं, शरीरात किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जाळून तयार होणारं घातक द्रव्य, साठल्याची शक्यता असते. लघवीत किटोन बघायच्या पट्ट्या मिळतात, एक डबी घरात असू द्या.

शुगर खाली गेल्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत. अचानक खूप भूक, अस्वस्थ ओरडणं, मागचे पाय लटपटणं, दारुड्यासारखं चालणं, एकटक बघत बसणं, कोपऱ्यात जाऊन लपणं, थरथर, आणि शेवटी झटके. काही मांजरं तर काहीच न दाखवता नुसती गप्प होतात. मीटरवर ६० च्या खाली आकडा म्हणजे लगेच हालचाल. शुद्धीत असेल आणि खात असेल तर आधी खायला घाला. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा, तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही, मध ओठाच्या आतल्या बाजूला चोळायचा आणि गाडीत बसायचं. उठून बसलं, बरं वाटलं, तरी डॉक्टरांकडे न्या, कारण मधाचा परिणाम लवकर ओसरतो आणि इन्सुलिन अजून आत काम करत असतं. आमच्याकडे मधाची छोटी बाटली इन्सुलिनच्या शेल्फवरच असते, चहात घालायला कोणी उचलली तर भांडण होतं.

घरी शुगर तपासणं शिकलात तर अर्धी काळजी गेली असं मी म्हणेन. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, तिच्या आणि कानाच्या काठाच्या मधल्या जागेत लॅन्सेटने, म्हणजे थेंब काढायच्या बारीक सुईने, टोचायचं. कान आधी गरम करायला लागतो, नाहीतर थेंबच येत नाही, कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर धरा. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरा म्हणजे तुमच्या बोटाला टोचणार नाही. थेंब आला की मीटरची पट्टी थेंबाला टेकवा, ती स्वतःच ओढून घेते, मग कापूस दाबून धरा आणि लगेच त्याचा आवडता खाऊ. आमच्या बोक्याला आता डबी उघडल्याचा आवाज आला की तो येऊन कान पुढे करून बसतो, अर्थात खाऊसाठी, पण मला चालतं. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात सहसा आकडा थोडा कमी दाखवतं, अल्फाट्रॅकसारखे प्राण्यांसाठी बनवलेले मीटर जास्त जवळ जातात. कुठलाही वापरा पण एकच वापरा आणि डॉक्टरांना सांगा कुठला आहे ते. ज्यांना टोचणं जमतच नाही त्यांनी कातडीवर चिकटवायच्या सेन्सरबद्दल विचारा, फ्रीस्टाइल लिब्रे मांजरांवरही वापरतात, फक्त चौदा दिवस मांजराने तो ओरबाडून काढला नाही पाहिजे.

डॉक्टर अधूनमधून कर्व्ह करायला सांगतील, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी शुगर. त्यात सगळ्यात खालचा आकडा किती आणि तो कधी आला हे महत्त्वाचं, साधारण ८० ते १५० मध्ये तो यावा अशी अपेक्षा असते. इथे आपल्यासारख्यांची चूक अशी की सकाळी ३२० दिसलं की हात शिवशिवतात, अर्धं युनिट वाढवूया का. नका. एका रीडिंगवर डोस बदलत नाहीत, बदललेल्या डोसला निदान पाच-सात दिवस द्यावे लागतात. आकड्यांच्या शेजारी वहीत बाकीचंही लिहा, किती पाणी प्यायलं, लिटरमध्ये किती गोळे, आठवड्याचं वजन, आज खेळलं का. माझ्या डॉक्टरांनी एकदा नुसती ही वही बघून विचारलं की दात तपासलेत का, आणि खरंच एक दाढ सडलेली निघाली, तोंडातलं किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं की इन्सुलिन लागू पडत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, कमी कार्बचं आणि शक्यतो ओलं खाणं चांगलं, कोरड्या दाण्यांमध्ये कार्ब बहुतेक वेळा जास्त असतं. पण इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता खाणं बदलू नका, कार्ब कमी झालं की तोच डोस जास्त होतो आणि शुगर कोसळते. जाड मांजराचं वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा ते एक टक्का, उपाशी तर कधीच ठेवायचं नाही, मांजराचं यकृत त्याने बिघडतं. लवकर सुरुवात झाली आणि खाणं सांभाळलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. आमच्याचं नाही सुटलं, दोन वर्षं झाली. तोंडाने द्यायची औषधं पण आलीत, अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मंजूर झाली, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत, त्यामुळे आपलं मधूनच बंद करून तिकडे उडी मारायची नाही.

बाहेरगावी जायचं असेल तर मांजर सांभाळणाऱ्या माणसाकडून निघायच्या आधी निदान तीन-चार वेळा तुमच्यासमोर टोचून घ्या, व्हिडिओ पाठवून भागत नाही. त्याच्यासाठी फ्रिजवर डोसचा आकडा मोठ्या अक्षरात, डॉक्टरांचा नंबर, आणि "शंका आली तर देऊ नको, फोन कर" एवढं लिहून ठेवा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका, टोपण परत लावायला जाऊ नका, त्यातच बोटाला टोचतं, आणि बाटली भरली की कचऱ्यात न टाकता दवाखान्यात नेऊन द्या, बरेचजण घेतात.