सेंट ब्रिजिडचा क्रॉस विणताय? या चुका टाळा

३१ जानेवारीची संध्याकाळ म्हणजे आयर्लंडच्या खेड्यांत सेंट ब्रिजिडचा क्रॉस विणायची वेळ: गवताच्या काड्यांचा, मधे चौकोन आणि त्यातून निघणारे चार हात. ब्रिजिड ही आयर्लंडची संत, १ फेब्रुवारी हा तिचा सण. २०२३पासून त्यानिमित्त सरकारी सुट्टीही मिळते. घराला आगीपासून राखतो या श्रद्धेने हा क्रॉस दारावर लावतात, पूर्वी गवती छपरात आतून खोचत. दिसतो सोपा, पण पहिल्या खेपेला मधला चौकोन हमखास सैल पडतो.

पहिली चूक गवत निवडताना होते. लागतं ते रश, ओलसर कुरणात वाढणारं, आपल्या लव्हाळ्यासारखं. वाळलेली काडी दुमडताच मोडते. ताजं, हिरवंगार आणा. विळा लावायचा नाही, हाताने उपटायचं, ही तिथली रीत. लगेच बसणार नसाल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. जाड-बारीक काड्या एकत्र घेऊ नका, चौकोन वाकडा होतो.

खरी गोम आहे ती फिरवण्यात. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिला मध्यावर अडकवा, मोकळी टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा; ती टोकं वर येतील. तिसरी काडी दुमडून त्यांच्यावरून घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. दर वेळी हेच. कुणी हाक मारली, लक्ष गेलं आणि एकदा जरी उलटं फिरलं, की वीण बिघडते. तसंच पुढे रेटू नका, चुकलेल्या काडीपर्यंत उसवा. माझ्या लेकीने दोनदा उसवला आणि तिसऱ्यांदा इतका सुबक विणला की मला भरून आलं.

डावा अंगठा चौकोनावरून उठू द्यायचा नाही. प्रत्येक काडी ओढून आधीच्या काडीला चिकटवा, फट ठेवू नका. गवत सुकलं की आक्रसतं आणि आजची बारीक फट उद्या मोठी दिसते. शेवटच्या काडीची टोकं शेजारच्या दुमडीतून ओवा, नाहीतर सगळं सुटेल.

चारही हात टोकाशी दोऱ्याने बांधा, मगच कात्रीने सारखे करा. आधी कापलं तर बांधायला टोक उरत नाही. ओला क्रॉस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. हवेशीर जागी टांगा. हिरवा रंग उतरून पिवळसर होतो, त्यात बिघडलं काही नाही. तेव्हा गाठी मात्र तपासा, सैल वाटल्या तर दोरा पुन्हा आवळा.