वाढत्या मुलांचे कॅल्शियम : आईवडिलांनी घरात काय करावे

मूल १० वर्षांचे झाले की त्याच्या खाण्यापिण्यावरचा आईवडिलांचा ताबा हळूहळू सुटू लागतो. मधल्या सुटीतला वडापाव, क्लासच्या वाटेवरचे शीतपेय, मित्रांबरोबर फस्त झालेले वेफर्स यांतले फारसे काही घरी कळतही नाही. नेमकी हीच वर्षे हाडांच्या भरणीची असतात. मुलींची उंची साधारण ११ ते १३ आणि मुलांची १३ ते १५ या वयात झपाट्याने वाढते, आणि या वाढीच्या शिखराच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडांतील खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा साठतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १० ते १२ वयाला रोज ८५० मिलिग्रॅम, १३ ते १५ वयाला १००० आणि १६ ते १८ वयाला १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रौढांसाठीही हा आकडा १००० च आहे. म्हणजे आठवीतल्या मुलाची गरज त्याच्या वडिलांएवढी असते, पण ताट मात्र बरेचदा लहान असते.

सुरुवात उपदेशाने न करता हिशेबाने करावी. मुलाला न सांगता तीन दिवस, त्यांत एक सुटीचा दिवस धरून, त्याच्या पोटात काय गेले ते वहीत लिहावे. गायीच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम, दह्याच्या मध्यम वाटीत १८० च्या आसपास आणि चहाच्या कपात पडणाऱ्या ५० मिलिलिटर दुधात जेमतेम ६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सकाळी चहा-चपाती, डब्यात भाजी-पोळी, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री वरण-भात असा दिवस असेल, तर बेरीज निम्म्यावरही पोहोचत नाही, असे बहुतेक घरांना दिसून येईल.

त्याच वहीत घराच्या रतीबाचाही हिशेब मांडावा. चार माणसांच्या घरात रोज एक लिटर दूध येत असेल आणि त्यातले अर्धे चहात जात असेल, तर उरलेल्या अर्ध्या लिटरात चौघांत मिळून फक्त ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम उरते. अशा घरात मुलाला ‘दूध पीत जा’ असे कितीही वेळा सांगितले, तरी ते सांगणे दुधाच्या पातेल्यापाशी येऊन थांबते. म्हणून पहिला बदल मुलाच्या सवयीत नव्हे, तर खरेदीत करावा : शक्य असल्यास रतीब वाढवावा, नाही तर मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या चहातले एक वेळचे दूध साधे दूध म्हणून द्यावे किंवा त्याचे दही लावावे.

दुसरा बदल मोठ्यांच्या स्वतःच्या पेल्यात. अमेरिकेतील मायलेकींच्या पाहणीत असे दिसले की, आई स्वतः दूध पिते त्या घरातल्या मुली दूध अधिक आणि शीतपेये कमी पितात. आपल्याकडे तर सगळ्यांना दूध देऊन स्वतः चहावर राहणारी आई हे नित्याचे चित्र आहे. त्यामागची माया खरीच असते, पण १२ वर्षांची मुलगी त्यातून एवढेच शिकते की दूध हे लहान मुलांचे आणि पुरुषांचे पेय असून मोठ्या होणाऱ्या बाईने ते सोडायचे असते. कित्येक घरांत भावाला दूध आणि बहिणीला चहा हा भेदही अजून चालतो. तो आधी बंद करावा. आईने जेवताना स्वतःसाठी ताकाचा पेला घेतला आणि वडिलांनी रात्री चिवड्याऐवजी दही-पोहे खाल्ले, तर वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची. भुकेले मूल शाळेतून येऊन फ्रिज उघडते, तेव्हा जे डोळ्यांसमोर असते तेच उचलते. ताकाचा तांब्या पुढच्या फळीवर आणि पनीरचे तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवावेत; तिळाच्या चटणीची बरणी वरच्या फडताळात न ठेवता जेवणाच्या जागी असावी. शीतपेयाची मोठी बाटली घरी आणून मग ‘पिऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा ती न आणणे सोपे असते. वेफर्स, पापड, फरसाण यांच्याबाबतही हेच लागू आहे, कारण जास्त मीठ खाल्ले की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जाते.

नियम करायचे असतील तर मोजके आणि सर्वांना सारखे असावेत. ‘जेवताना पाणी किंवा ताक, तिसरे पेय नाही’ हा एक नियम पुरेसा आहे, मात्र तो वडिलांनाही लागू हवा. ‘दूध संपव, मग मोबाइल’ असा सौदा टाळावा. त्याने त्या दिवशी पेला रिकामा होतो खरा, पण दूध ही शिक्षा आणि मोबाइल हे बक्षीस अशी गाठ मनात बसते; १३ वर्षांच्या मुलाशी पेल्यावरून रोज झटापट करण्यात काही शहाणपण नाही. त्यापेक्षा त्याला पर्याय द्यावा : दूध, दही, ताक की पनीर, आणि केव्हा. याच वयात काही मुली वजनाच्या धास्तीने दूध सोडतात. साय काढलेल्या दुधात कॅल्शियम तेवढेच राहते, ही साधी गोष्ट त्यांना टोमणे न मारता सांगावी.

दूध न आवडणारी किंवा न पचणारी मुले थोडी नसतात. दुधाने पोट गुबारत असेल, तर अनेकांना दही आणि ताक सोसते. वाटीभर दह्यात पाणी घालून दोन पेले ताक केले, तरी दह्यातले कॅल्शियम त्या दोन पेल्यांत कायम असते. दुधापलीकडेही मराठी स्वयंपाकघर या बाबतीत चांगलेच समृद्ध आहे, फक्त त्यातल्या बऱ्याच वस्तू सणापुरत्या किंवा आजारपणापुरत्या उरल्या आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे एका जाडसर भाकरीत सुमारे २००. नाचणी भिजवून मोड आणल्यास किंवा तिची आंबील केल्यास शोषणात अडथळा आणणारे घटक कमी होतात. अख्ख्या तिळात १०० ग्रॅमला हजाराहून अधिक मिलिग्रॅम असते, त्यामुळे १० ग्रॅम तीळ पोटात गेले तरी शंभरी भरते; ते केवळ संक्रांतीला खाण्याचे कारण नाही. कुळथाचे पिठले आणि नाचणीची भाकरी ही कोकणातली जोडी या हिशेबात उत्तम बसते. मेथी, मुळ्याचा पाला आणि शेवग्याचा पाला उपयोगी आहेत. पालकात मात्र ऑक्झलेट हे कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य इतके असते की त्यातले कॅल्शियम अंगी फारच थोडे लागते. मासे खाणाऱ्या घरात काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी आणि सुका जवळा यांना तोड नाही.

१३ वर्षांच्या मुलाचा एक दिवस असा जुळवता येतो : सकाळी पेलाभर दूध, डब्यात मेथीची भाजी आणि तिळाची चटणी, संध्याकाळी वाटीभर दही, रात्री नाचणीची भाकरी. एवढ्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम होतात आणि उरलेले डाळी-उसळींतून येते. यात बाजारातली गोड पावडर कुठेच लागली नाही. ती आणायचीच असेल, तर आधी डब्यावरचा साखरेचा आकडा वाचावा.

खाल्लेले कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते अंगावर ऊन पडल्याने त्वचेत तयार होते. शाळा, क्लास आणि मोबाइल यांत दिवस काढणाऱ्या मुलाला ऊन मिळतेच असे नाही. काचेआडून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. उड्या, धावणे, कबड्डी, खो-खो यांनी हाडांवर भार येतो, म्हणून मैदानावरचा तास अभ्यासासाठी कापू नये. सहावी ते बारावीच्या मुलांना शाळेत आठवड्यातून एकदा लोह-फॉलिक आम्लाची गोळी देतात. त्या दिवशी गोळी आणि दूध यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते.

मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाण्याचा सल्ला असतो. तो मुलांवर करून पाहू नये. चुना दाहक असतो आणि घरी त्याची मात्रा नेमकी मोजता येत नाही.

मूल दूध-दही अजिबात घेत नसेल, लहानशा पडण्याने हाड मोडले असेल, पाय सतत दुखत असतील किंवा घरात मूतखड्याचा त्रास असेल, तर गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना ती तीन दिवसांची वही सोबत न्यावी. ‘खातो तसे सगळे’ या उत्तरापेक्षा तिच्यावरून डॉक्टरांना गोळीची गरज आहे की नाही हे लवकर ठरवता येते.