त्रिमितीय देवनागरी शीर्षक: आधी अक्षर, मग उजेड

अहिराणी गाण्यांच्या किंवा लग्नाच्या व्हिडिओसाठी शीर्षक करताना अक्षरांना जाडी देण्याची घाई होते. देवनागरीची खरी अडचण मात्र त्याआधीच उभी राहते. ब्लेंडर या मोफत त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ‘खान्देश’ थेट टाइप केल्यास जोडाक्षर नीट जुळत नाही आणि ‘अहिराणी’तील पहिली वेलांटी ‘ह’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. म्हणून शब्द आधी इंकस्केप या रेखांकनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, शक्यतो मुक्ता किंवा बालूसारख्या ठसठशीत फाँटमध्ये लिहावा, त्याचे पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांच्या आकारात रूपांतर करावे, गट सोडवावा आणि ‘युनियन’ने सर्व आकार एकजीव करावेत. ही शेवटची पायरी गाळली, तर जिथे शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात, तिथे ब्लेंडरमध्ये भोके पडू शकतात.

इंकस्केपमध्ये जतन केलेली एसव्हीजी (रेखाचित्राची) फाइल ब्लेंडरमध्ये आणल्यावर शब्द फार लहान आणि जमिनीवर आडवा पडलेला दिसेल. तो एक्स अक्षाभोवती 90 अंश उभा करावा, अक्षरांची उंची साधारण 1 मीटर होईल इतका वाढवावा आणि कंट्रोल-ए दाबून ‘स्केल’ लागू करावे. नाहीतर पुढचे आकडे फसवे ठरतात. कर्व्हच्या (आणलेल्या बाह्यरेषेच्या) जिऑमेट्री विभागात ‘एक्स्ट्रूड’ म्हणजे जाडी 0.1 आणि ‘बेव्हल’ची, म्हणजे मारलेल्या कडेची खोली 0.015 ठेवून पाहावी. बेव्हलमुळे अक्षर बाहेरच्या अंगाने फुगते आणि ‘श’ची गाठ बुजू लागते, तेव्हा ‘ऑफसेट’ला तेवढीच उणे किंमत द्यावी.

अशा बेव्हलने कडा मारल्याशिवाय प्रकाशयोजनेला हात घालू नये, कारण अक्षराची खोली डोळ्याला जाणवते ती मुख्यतः कडेवर चमकणाऱ्या बारीक रेषेमुळे. मुख्य दिवा वैशाखातल्या भर दुपारच्या सूर्यासारखा थेट डोक्यावर ठेवला, तर शिरोरेषेची वरची कड अखंड पट्टीसारखी उजळते आणि तिच्याखालच्या उभ्या दंडांच्या कडा कोऱ्याच राहतात. त्यामुळे ‘एरिया’ प्रकारचा दिवा समोरून, डाव्या बाजूला आणि सुमारे 45 अंश उंचीवर लावावा. बाकी सर्व उजेड बंद करून या एकट्या दिव्यात शब्द वाचता येतो का, हे आधी पाहावे. त्यानंतर उजवीकडे मुख्य दिव्याच्या चौथाई शक्तीचा दुसरा आणि मागून कडा उठवणारा तिसरा दिवा पुरतो. चौथ्याची गरज भासली, तर बहुधा पहिल्याचीच जागा चुकलेली असते.

जळगावचे ग्राहक सोनेरी अक्षरे मागणारच. मटेरियलमध्ये ‘मेटॅलिक’ (धातूपणा) 1 आणि ‘रफनेस’ (खरखरीतपणा) 0.25 ठेवूनही सोने काळपट दिसते, याचे कारण रंगात नसून भोवतालच्या रिकाम्या अंधारात असते: धातूला प्रतिबिंबित करायला काहीतरी लागते, म्हणूनच सराफाच्या पेढीवर दागिन्यांभोवती आरसे आणि दिवे असतात. ‘वर्ल्ड’मध्ये, म्हणजे दृश्याच्या भोवतालात, एचडीआरआय (सभोवतालचा उजेड टिपलेले) चित्र जोडावे, पॉली हेवनवर अशी चित्रे मोफत मिळतात.

हालचालीसाठी अक्षरे गरगर फिरवण्यापेक्षा मुख्य दिवाच सरकवावा. सेकंदाला 25 फ्रेम असतील, तर 50 फ्रेममध्ये तो डावीकडून उजवीकडे नेल्यास झळाळी दोन सेकंदांत अख्ख्या शब्दावरून फिरते. रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्रे काढताना ‘फिल्म’ विभागातील ‘ट्रान्स्परंट’ (पारदर्शक पार्श्वभूमी) चालू करून पीएनजी फ्रेमची मालिका काढावी. त्यामुळे एचडीआरआय चित्र पार्श्वभूमीत दिसत नाही, पण त्याची चमक अक्षरांवर राहते आणि शीर्षक संपादनात कोणत्याही दृश्यावर ठेवता येते.