शेण तपासल्याशिवाय जंताचं औषध पाजू नका

भाऊंनो, पाऊस सरतोय. गिरणा-तापीच्या काठी, पाटचारीच्या कडेला पाणी ओसरलं की हिरवं गवत वर येतं आणि ढोरं तिथंच सुटतात. दिवाळीनंतर म्हैस खाते पण खंगते, पातळ हगते, जबड्याखाली सूज धरते. दुकानदार जंताची गोळी आणि लिव्हर टॉनिकची महाग बाटली देतो. त्यात दिवस जातात आणि जनावर दावणीला मरतं. दर हंगामात हेच पाहतो, आणि शेण कुणीच तपासलेलं नसतं.

लक्षणं सारखी, पण कृमी वेगळे. यकृतातला आणि पोटातला पर्णकृमी (पानासारखा चपटा जंत) पाण्यातल्या गोगलगाईतून काठच्या गवतावर येतो. स्वादुपिंडातल्याची वाट निराळी. आधी जमिनीवरची गोगलगाय, मग नाकतोडा. गवताबरोबर नाकतोडा पोटात गेला की कृमी स्वादुपिंडाच्या नळ्यांत. म्हणून "आमची ढोरं काठावर जातच नाहीत" म्हणून निश्चिंत राहू नका.

ट्रायक्लाबेंडाझोल फक्त यकृतातल्या कृमीवर चालतं: गाई-म्हशींना किलोला 12 मिलिग्रॅम, शेळ्या-मेंढ्यांना 10. दुभत्या जनावराला देऊ नका. गाई-म्हशींच्या पोटातल्या कृमीवर ऑक्सिक्लोझानाइड, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. स्वादुपिंडातला निघाला तर औषध डॉक्टरांनीच ठरवावं. वजन डोळ्याने धरू नका. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले 660 म्हणजे किलो.

ताजं मूठभर शेण पिशवीत घ्या, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा, उन्हात न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. पर्णकृमीची अंडी जड असतात, गाळ बसवूनच तपासायला सांगा. यकृतातला कृमी अंडी घालायला तीन-चार महिने घेतो. आज काही दिसलं नाही आणि जनावर खंगतंच आहे, तर महिन्याने पुन्हा शेण न्या.

बाकी नेहमीचं:
- काठचं गवत बुडाशी न कापता वरून कापा, वाळवून घाला
- हौदाभोवती चिखल नको
- दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, सरकी पेंड, मीठ
- शेण उकिरड्यात, कुरणात नाही

दव उतरेपर्यंत ढोरं गोठ्यात ठेवणाऱ्यांकडे हा त्रास कमी दिसतो. माझा अंदाज आहे, पण फुकटचा आहे, करून बघा.

जनावर गेलंच तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करवून घ्या. स्वादुपिंडही चिरून बघायला सांगा; नळ्यांत लालसर चपटे कृमी निघाले, तर उरलेल्या ढोरांचं शेण त्याच दिवशी दवाखान्यात द्या.