दाबोळी की मोपा: गावावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाचा आकडा कसा काढावा आणि कुठे मांडावा

वास्कोजवळच्या दाबोळीचा जुना विमानतळ ठेवावा की सगळी विमाने उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर न्यावीत, हा वाद गोव्यात पंचवीस वर्षे चालू आहे. मार्च २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला तत्त्वतः मान्यता देताना दाबोळीची नागरी वाहतूक बंद करायचे ठरवले होते. २०१० मध्ये तो निर्णय बदलला आणि दोन्ही विमानतळ ठेवायचे ठरले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. या सगळ्या काळात टॅक्सी, हॉटेले, जमिनी, पाणी यांवर आकड्यांनिशी बोलले गेले. आवाजाचा मुद्दा मात्र 'कान किटले' एवढ्यावरच थांबतो, कारण गावाकडे स्वतःचा आकडा नसतो. तो काढणे अवघड नाही. एक यंत्र, दोन-तीन चिकाटीची माणसे आणि सात दिवस पुरतात.

मोजणी सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. पोर्तुगीज काळात, १९५५ च्या सुमारास, सुरू झालेला हा तळ गोवा मुक्तीनंतर नौदलाकडे आला. आज तो नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा हवाई तळ आहे आणि प्रवासी विमाने त्याच्या आवारातल्या नागरी भागातून चालतात. उद्या शेवटचे प्रवासी विमान मोपाला गेले तरी नौदलाची मिग-२९के ही लढाऊ विमाने इथेच राहणार. म्हणून 'विमानांचा आवाज' असा एकच रकाना असलेली वही स्थलांतराच्या वादात निरुपयोगी ठरते. नागरी वेगळे, नौदलाचे वेगळे आणि दिवस-रात्र वेगळी अशीच नोंद हवी.

यंत्र आणि जागा

मोबाइलवरचे ॲप चाचपणीपुरते ठीक आहे. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठ्या आवाजाला तो तुंबतो आणि लढाऊ विमानाचा आकडा हमखास कमी दाखवतो. तक्रारीसाठी 'क्लास २' दर्जाचा ध्वनिमापक घ्या. मानकाचे नाव आयईसी ६१६७२ असते, ते यंत्रावर किंवा माहितीपत्रकात छापलेले असायला हवे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मीटरवर ते नसते. यंत्र भाड्याने आणले तरी चालेल, पण सोबत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्र बरोबर मोजते याचा, दाखला मागून घ्या. शिवाय ९४ डेसिबलचा ठरावीक सूर देणारा कॅलिब्रेटर लागतो. रोज सकाळी आणि रात्री तो माइकवर बसवून वाचन तपासा आणि वहीत लिहा. दोन वाचनांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली नोंद बाद समजावी.

सेटिंग 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला जुळणारे) आणि 'स्लो' (संथ प्रतिसाद) ठेवा. नोंद दर सेकंदाला साठवली गेली पाहिजे. माइकवर फोमचा गोळा चढवा, तो नसेल तर वाराच मोजला जातो. यंत्र तिपाईवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि कोणत्याही भिंतीपासून किमान ३.५ मीटर दूर असावे. मोकळी गच्ची उत्तम. माडाखाली उभे करू नये, झावळ्यांची सळसळ वाऱ्यात सहज ५० डेसिबल ओलांडते. पडवीत किंवा कौलांच्या वळचणीखाली तर अजिबात नको, तिथे भिंतीवरून परतलेला आवाज मिसळतो.

पावसाळा सोडून द्या. जून ते सप्टेंबर पत्र्यावरचा पाऊस आणि रात्रीचे बेडूक यांच्यात विमान शोधावे लागेल. सात सलग दिवसांची पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा पर्यटनाचा हंगाम भरात असतो. दुसरी एप्रिल-मेमध्ये. सात दिवस यासाठी की नौदलाचा सराव मुख्यतः कामाच्या दिवशी सकाळी असतो. फक्त शनिवार-रविवारी मोजणाऱ्याच्या वहीत लढाऊ विमाने जवळपास येतच नाहीत, आणि फक्त सोमवारी सकाळी मोजणाऱ्याच्या वहीत तीच भरतात. चवथ, शिगमो, गावची जत्रा, चर्चचे फेस्त, शेजारचे लग्न असे दिवस टाळावेत. फटाक्याचा एक बार सबंध तासाची सरासरी बिघडवतो आणि समोरचा माणूस नेमके त्यावरच बोट ठेवतो.

वहीत काय लिहायचे

प्रत्येक विमानासाठी एक ओळ: वेळ सेकंदापर्यंत, सर्वोच्च आवाज, आवाज शिखराच्या १० डेसिबलच्या आत किती सेकंद राहिला, उतरत होते की उडत होते, कोणत्या दिशेने, कोणाचे, आणि त्या क्षणी दुसरा काही आवाज होता का. घड्याळ मोबाइलच्या नेटवर्कशी जुळवून घ्या. शिखर आजूबाजूच्या शांततेपेक्षा १० डेसिबल तरी वर नसेल तर ती ओळ हिशेबात धरू नका. तेवढा फरक असला की पार्श्वभूमीचा वाटा अर्ध्या डेसिबलच्याही खाली येतो.

'कोणाचे' हा रकाना सर्वांत नाजूक. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर प्रवासी विमान क्रमांकासकट दिसते, तो क्रमांक लिहा. ॲपवर काहीच नाही आणि डोक्यावर गडगडाट आहे, तर ते बहुधा नौदलाचे. पण कानावर विसंबू नका. हंसावर असलेले पी-८आय हे टेहळणी विमान बोइंग ७३७ वरच बेतलेले आहे, आणि डोळे मिटून ऐकले तर दोन्हींत फरक कळत नाही. तटरक्षक दलाचे डॉर्निअर आणि हेलिकॉप्टर यांनाही स्वतंत्र खूण ठेवा. लढाऊ विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उडण्याच्या फेऱ्या मारते तेव्हा विमान एकच असले तरी फेऱ्या मोजायच्या. खात्री नसेल तिथे 'अनिश्चित' लिहावे. अनिश्चितांचा वेगळा आकडा दिला की वहीवरचा विश्वास वाढतो.

वाऱ्याची दिशाही लिहा. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरते आणि उडते. दाबोळीची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असून तिचे पश्चिमेचे टोक समुद्राजवळ आहे. दुपारी समुद्राकडून वारा आला की विमाने पूर्वेकडून, जमिनीवरून उतरतात. पहाटे वारा जमिनीकडून असेल तर चित्र उलटू शकते. एकाच दिवशी समुद्रकाठच्या बोगमाळोचा आणि पूर्वेकडच्या सांकवाळचा अनुभव जुळत नाही तो यामुळे. दोन्ही गावे खरेच सांगत असतात.

हिशेब

डेसिबलची साधी सरासरी काढणे ही सर्रास होणारी चूक. ७० आणि ९० यांची सरासरी ८० होत नाही, ८७ होते, कारण डेसिबल हे ऊर्जेचे लॉगरिदम आहे. म्हणून प्रत्येक विमानाची आधी 'एसईएल' काढतात, म्हणजे त्या विमानाची सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर किती डेसिबल होईल तो आकडा. यंत्र तो देत नसेल तर अंदाजाचे सूत्र असे: सर्वोच्च आवाज + १० × लॉग (१० डेसिबलच्या आतले सेकंद ÷ २). लॉग म्हणजे दहाच्या पायाचे लॉगरिदम. शिखर ८० आणि वेळ २० सेकंद असेल तर ८० + १० = ९०.

दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, ५७,६०० सेकंद. त्याचे १० लॉग ४७.६. रात्रीचे आठ तास २८,८०० सेकंद, म्हणून ४४.६. सारख्या एसईएलची विमाने असतील तर सरासरी पातळी, म्हणजे 'एल-ई-क्यू' = एसईएल + १० लॉग (विमानांची संख्या) − ४७.६, रात्रीसाठी − ४४.६.

समजुतीसाठी आकडे धरू. दिवसा ९० एसईएलची २० प्रवासी विमाने: ९० + १३ − ४७.६ = ५५.४. रात्री तशीच ५: ९० + ७ − ४४.६ = ५२.४. आता दिवसा ११० एसईएलची लढाऊ विमानाची एकच फेरी धरा: ११० − ४७.६ = ६२.४. म्हणजे ती एक फेरी १०० प्रवासी विमानांइतकी. दोन्हींची ऊर्जा मिळवली की दिवसाची एकूण पातळी ६३.२ येते. सगळी प्रवासी विमाने मोपाला नेली तर ती ६२.४ होईल, एका डेसिबलपेक्षाही कमी फरक, कानाला न जाणवणारा. पण रात्रीची ५२.४ मात्र सगळीच्या सगळी जाईल.

विमानतळाला लागून असलेल्या चिखली-दाबोळीच्या वहीत असेच चित्र उमटले, तर 'विमानतळ हलवा' म्हटल्याने सकाळची शाळा शांत होणार नाही, झोप मात्र परत मिळेल. एखाद्या घरी उलटेही निघेल. म्हणूनच स्वतःचे आकडे घातल्याशिवाय कोणत्याही बाजूने सही करू नये. विमानांची संख्या निम्मी झाली तरी पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते, त्यामुळे 'निम्मी विमाने मोपाला गेली तरी काही फरक वाटत नाही' ही तक्रार गणिताला धरून आहे. सरासरीसोबत ७० डेसिबल ओलांडणाऱ्या विमानांची रोजची संख्याही द्या. ग्रामसभेत लोकांना तीच पटकन कळते.

कोणता नियम लागू

इथे बऱ्याच तक्रारी गळतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण जून २०१८ मध्ये केंद्राने विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी, म्हणजे विमानांच्या आवाजाचा म्हणून आखलेल्या भोवतालच्या पट्ट्यासाठी, वेगळी मानके काढली: वर्षाला ५० हजारांहून जास्त विमान-हालचाली असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७०, रात्री ६५, इतरत्र ६५ आणि ६०. तुमचे घर त्या क्षेत्रात असेल तर '५५ ओलांडले' हा अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो. म्हणून आधी माहिती अधिकारात विचारा: विमानतळाच्या ध्वनिक्षेत्राचा मंजूर नकाशा, गावांच्या सीमांसह, आणि मागील दोन वर्षांतील ध्वनिमापनाचे अहवाल. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. दाबोळीच्या नागरी भागासाठी अर्ज भारतीय विमानतळ प्राधिकरणाला आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. नौदलाला सरावाचे वेळापत्रक विचारू नका, सुरक्षेच्या कलमाखाली ते नाकारले जाते. त्याऐवजी शाळांच्या परीक्षांच्या तारखा देऊन त्या तासांत टेकून-उडण्याच्या फेऱ्या टाळता येतील का, अशी लेखी विनंती करावी.

मोपाभोवतीच्या पेडण्यातल्या लोकांकडे आणखी एक हत्यार आहे. मोपाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये अटींसह, 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली, पुन्हा लागू केली. अशा मंजुरीच्या अटींचे पालन-अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावे लागतात आणि ते जनतेला खुले असतात. त्यातले ध्वनीचे आकडे काढून आपल्या वहीशेजारी मांडा. मोजण्याचे ठिकाण कुंपणाच्या आत होते की वस्तीत, हे आधी बघा. वारखंड, कासारवर्णे, उगवे, चांदेल या भागांत तर मोजणीइतकेच घाईचे काम जमिनीचे आहे. उड्डाणमार्गाखालच्या जमिनींची निवासी वापरासाठी रूपांतरे झाली की वीस वर्षांनी तिथे दुसरी चिखली उभी राहील. रूपांतराच्या नोटिशीवर हरकत घेताना आवाजाची नोंद जोडा.

मागायचे काय

'आवाज बंद करा' या मागणीला उत्तर देता येत नाही. दाबोळीसाठी मागता येण्याजोगे असे: रात्री १० ते ६ वाहतूक तुरळक असताना आणि पाठीचा वारा मर्यादेत असताना उड्डाण समुद्राकडे व उतरणे समुद्राकडून करावे, उतरल्यावर इंजिनाचा उलटा जोर रात्री कमीत कमी वापरावा, इंजिनांच्या चाचण्या रात्री करू नयेत, आणि कायमचे ध्वनिमापक वस्तीत बसवून आकडे जाहीर करावेत. सुरक्षेचा निर्णय वैमानिकाचा आणि नियंत्रण कक्षाचाच राहील, हे वाक्य निवेदनात स्वतःहून घाला. ते नसले की पहिला आक्षेप तोच येतो.

ठराव ग्रामसभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. वास्कोत मुरगाव पालिकेकडे जावे लागेल. सोबत एका पानाचा तक्ता पुरे, मूळ नोंदी पेनड्राइव्हवर द्याव्यात.

घरापुरते बोलायचे तर जुन्या कौलारू घरात खिडकीवर आधी पैसे घालू नका. आवाज कौलांच्या फटींतून येतो. झोपायच्या खोलीवर जिप्समचे दुपदरी छत आणि वर ५० मिलिमीटर रॉकवूल हे पहिले काम. मग खिडकी: सरकत्या ॲल्युमिनियमच्या झडपा गळतात, त्याऐवजी रबरी पट्टीची बाहेर उघडणारी खिडकी, लॅमिनेटेड काच आणि जमल्यास आत १०० मिलिमीटर अंतरावर दुसरी खिडकी. उघडी खिडकी १० ते १५ डेसिबलच अडवते, म्हणून खोलीला हवेची दुसरी सोय केल्याशिवाय हा खर्च वाया जातो. काम झाल्यावर तेच यंत्र उशीजवळ ठेवून, त्याच क्रमांकाच्या विमानाला, पुन्हा मोजा.