तकळी, धोटा आणि भोंगा

औद्योगिक क्रांतीचा धडा मी पहिल्या वर्षी एका तासात उरकला. फळ्यावर तीन रकाने: यंत्र, संशोधक, साल. मुलांनी उतरवून घेतलं, चाचणीत जोड्या लावल्या, गुणही पडले. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, कापड स्वस्त झालं ना? मग लोक यंत्रं का फोडत होते?" मी म्हटलं, "पुढच्या तासाला बघू." पुढच्या तासाला मी गुपचूप नवा धडा सुरू केला.

लालबाग-परळ पट्ट्यात आठवी-नववीला इतिहास शिकवून आता बरीच वर्षं झाली. बी.एड. करून नव्याने वर्गावर जाणाऱ्या दोघी-तिघी 'हा धडा कसा घेता?' म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे.

आधी मुलांच्या हाताला काम द्या. खादी भांडारातून पाच-सहा तकळ्या (हाताने फिरवून सूत काढायच्या छोट्या चात्या) आणि पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळलेल्या लडी) आणा. पेळूचं टोक तकळीच्या आकड्यात अडकवायचं, गिरकी द्यायची आणि दुसऱ्या हाताने कापूस हळूहळू सोडायचा. पहिली पंधरा मिनिटं नुसता गोंधळ असतो. सूत तुटतं, तकळी खणकन फरशीवर पडते, शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. तासाभरात जे काही हातभर सूत निघतं, ते कुठे सुतळीएवढं जाड, तर कुठे फुंकर मारली तरी तुटेल असं. मग विचारायचं, "एका सदऱ्याला किती लागेल?"

इथून साखळी आपोआप लागते. 1733 मध्ये इंग्लंडात जॉन केचा धावता धोटा (मागातून आडवा धागा झटकन पलीकडे नेणारा) आला, विणकर भराभर विणू लागला आणि त्याला सूत पुरेना. 1764 च्या सुमारास हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे सूत काढायचं यंत्र, आली. सुरुवातीलाच एका चाकावर आठ चात्या. आता वर्गाला सांगा: तुमच्या घरचं मीठमिरची या तकळीवर चालतं आणि शेजारणीकडे आठ चात्यांचं यंत्र आलंय. काय कराल? "फोडून टाकू!" हे कोणीतरी ओरडतंच. 1768 मध्ये हारग्रीव्ह्जच्या घरात घुसून लोकांनी तेच केलं आणि त्याला गाव सोडून नॉटिंगहॅमला जावं लागलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे उत्तर द्यायचं राहिलं. मला ते सुचलं तोवर तो आयटीआयला गेला होता.

दुसरा तास वेळेचा. घरी सूत काढणारी बाई चूल, पोर आणि उजेड बघून बसायची. 1771 मध्ये आर्कराइटने इंग्लंडात क्रॉमफर्डला सूतगिरणी काढली, तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. आपल्याकडच्या मुलांना गिरणीच्या पाळीचा 'भोंगा' हा शब्द घरून माहीत असतो, त्याचा फायदा घ्या. "तुम्ही मुंबईचे गिरणी कामगार, मालकाकडे चार मागण्या लिहा," असं सांगा. बोनस, पंखे, कॅन्टीन, गणपतीची सुट्टी असं काय काय येतं. मग कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी गेलेल्या मागण्या वाचा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. "म्हणजे जेवायला पण सुट्टी नव्हती?" असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मला पुढचं काही समजावावं लागलं नाही. ती रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली.

बालमजुरीचे कायदे झटकन सांगून होतात. 1881 च्या आपल्याकडच्या कारखाना कायद्याने सातच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. सात ते बारापर्यंतच्यांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास. 'ज्यांना सात वर्षांचं भावंड आहे त्यांनी हात वर करा' एवढं पुरे.

जातीचा भाग मात्र बहुतेक जण टाळतात. टाळू नका. गिरणीत सगळ्या जातींची माणसं एका छपराखाली आली हे खरंच, पण विणाई खात्यात दलितांना घेत नसत. तिथे पगार जास्त. कारण काय, तर धोट्यातली सुताची कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. उष्ट्याचा विटाळ! 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्र इंग्लंडचं, विटाळ आपला. हे सांगताना वर्गातल्या कोणाकडेही बघून बोलू नका, आणि कोणाला 'तुमच्यात काय म्हणतात?' असं विचारू नका.

मँचेस्टरचा साचा मुंबईवर जसाच्या तसा बसवण्याची चूक मीही केली आहे. ताडदेवला 1854 मध्ये कावसजी दावर यांनी गिरणीची कंपनी काढली, ती इथल्या पैशावर. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बहुधा एकटा यायचा. बायको-पोरं गावी, शेती गावी. इथे एका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचं आणि खाणावळीत जेवायचं. ब्रिटिश विणकराचं तयार कापड इथल्या कोष्ट्याच्या पोटावर आलं, हेही त्याच धड्यात यायला हवं.

एक पोळलेला अनुभव. 'आजोबांना गिरणीबद्दल विचारून या' असा गृहपाठ मी सरसकट सगळ्यांना दिला होता. 1982 च्या संपाने ज्यांचं घर बसलं, अशा एका आजोबांनी नातवाची वहीच भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. तिचं बरोबर होतं. आता मी 'घरात कोणाला सांगावंसं वाटलं तरच' असं म्हणते. बाकीच्यांसाठी फिनिक्स मॉलची चिमणी आहेच. मॉल सगळ्यांना माहीत असतो, तिथे चिमणी का आहे ते फारसं कोणाला ठाऊक नसतं.

मागे सहामाहीत 'कारखान्यांमुळे झालेले सामाजिक बदल लिहा' असा प्रश्न होता. एका मुलीने लिहिलं: 'माझी पणजी खाणावळ चालवायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती कोणी किती वेळा जेवलं त्याच्या रेघा कोळशाने भिंतीवर मारायची. पगार झाला की भिंत पुसायची.' मी चारपैकी चार दिले. पेपर फेरतपासणीला गेला, तिथे 'मुद्दे नाहीत' म्हणून दोन झाले. तेव्हापासून शेवटच्या तासाला तीन रकान्यांचा तो तक्ता मीही फळ्यावर काढते.